बाबांचा हर्निया: टाके, जाळी की दुर्बीण?

पत्र असं आहे:

माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. माण तालुक्यात आमची शेती आहे, मी नोकरीसाठी पिंपरीत असतो. दोन-अडीच वर्षांपासून त्यांच्या उजव्या जांघेत फुगा येतो. आधी लिंबाएवढा होता. आता उभे राहिले की अंडकोषापर्यंत उतरतो आणि आडवे झाले की आत जातो. दुकानातून आणलेला पट्टा बांधून ते सगळी कामं करतात. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. बिडी सोडून चार वर्षं झाली, पण सकाळचा खोकला गेलेला नाही. रात्री लघवीला तीन-चारदा उठतात. तालुक्याचे सर्जन म्हणाले, कमरेत भूल देऊन चीर घेऊ आणि जाळी बसवू. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं, दुर्बिणीतून करू, सोनोग्राफीत डावीकडेही लहान हर्निया दिसतोय, तोही त्याच वेळी उरकेल. खर्च मात्र तिप्पट. मामा म्हणतात, जाळी अंगात सडते, बिनजाळीचं ऑपरेशन करा, आणि ते रोज तसले व्हिडिओ पाठवतात. वडील म्हणतात, कापाकापीच नको, ज्वारी निघाली की बघू. गेल्या वर्षीही हेच म्हणाले होते. आम्ही काय करावं?

नमस्कार.

तुम्ही तीन पद्धतींमधली एक निवडून मागितली आहे. पण मला तुमच्या पत्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टी वाटल्या त्या सकाळचा खोकला आणि रात्रीची लघवी. बाबांचं ऑपरेशन व्हायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते कसं करायचं हे मात्र जाळीच्या व्हिडिओवरून किंवा हॉस्पिटलच्या इमारतीवरून ठरू नये. बाबांच्या छातीला कोणती भूल झेपेल आणि समोरच्या सर्जनचा हात कोणत्या पद्धतीत बसला आहे, यावरून ते ठरायला हवं. छाती कमजोर निघाली, तर तालुक्याच्या सर्जननी सुचवलेलं चीर घेऊन जाळीचं ऑपरेशनच तुमच्यासाठी योग्य आहे आणि पुढचा प्रश्न उरत नाही. छाती चांगली असेल तर दोन्ही रस्ते खुले आहेत. तेव्हा सर्जनना काही नेमके प्रश्न विचारा. ते पुढे सांगतो.

आधी जांघेत काय झालंय ते समजून घेऊ, म्हणजे बाबांनाही सांगता येईल. पोटाच्या भिंतीत जांघेजवळ एक वाट असते. पुरुषांमध्ये तिच्यातून वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिका खाली जातात. त्यामुळे ती जागा जन्मापासूनच थोडी हळवी असते. वर्षानुवर्षांचा खोकला, शौचाला कुंथणं, लघवीला जोर करणं आणि वयाने सैल पडलेले पडदे यांमुळे ती वाट रुंदावते, आणि पोटातलं आतडं किंवा चरबीचा पदर तिथून बाहेर येतो. पुरुषांमध्ये हे फार सर्रास आढळतं. जन्मभराचा हिशेब मांडला तर दर चार पुरुषांमागे एकाला जांघेचा हर्निया होतो. यात लाजण्यासारखं काही नाही. पण गावाकडची माणसं या जागेचं दुखणं बायकोलाही सांगत नाहीत. तुमच्या बाबांनी मुलाला सांगितलं, हे मला फार चांगलं वाटलं.

भिंतीतलं हे भोक गोळीने, लेपाने, योगासनांनी किंवा पट्ट्याने बुजत नाही. पट्टा फक्त फुगा आत दाबून धरतो. तोही आडवं होऊन, आतडं पूर्ण आत गेल्यावर बांधला तरच. फुगा बाहेर असताना वरून पट्टा आवळला, तर आतडं मधल्या मध्ये चेपतं. अनेक वर्षं पट्टा वापरला की खालची कातडी आणि आतले पदर चिकटून जाड होतात, आणि मग ऑपरेशन करणाऱ्याला जास्त वेळ लागतो. ज्यांना कुठलीच भूल देता येत नाही अशांसाठी पट्टा ठीक आहे. बाबा त्यांतले नाहीत.

मग थांबून चालणार नाही का? हा प्रश्न बाबांच्या बाजूने विचारायलाच हवा, कारण प्रत्येक हर्नियाचं लगेच ऑपरेशन करावं लागतं असं नाही. अमेरिकेत ७२० पुरुषांवर याचा नीट अभ्यास झाला आणि तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या सगळ्यांना जांघेचा हर्निया होता, पण त्रास अगदी थोडा किंवा अजिबात नव्हता. निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांना नुसतं लक्ष ठेवून थांबवलं. थांबलेल्यांपैकी आतडं अडकून तातडीचं ऑपरेशन लागलेले फारच थोडे निघाले, वर्षाला हजारात दोनही नाहीत. पण दहा वर्षांनी पाहिलं तर त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक लोकांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलं होतं, बहुतेकांनी दुखणं वाढलं म्हणून. म्हणजे ज्याचा फुगा लहान आहे आणि कामाच्या आड येत नाही, त्याने थांबणं सुरक्षित आहे. बाबांचा फुगा त्या पायरीच्या पुढे गेलेला आहे. तो अंडकोषापर्यंत उतरतो, वाढत चालला आहे आणि पट्ट्याशिवाय काम होत नाही. शिवाय ते राहतात अशा ठिकाणी जिथून रात्री दोन वाजता आतडं अडकलं तर ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

त्यासाठी घरातल्या प्रत्येकाला एक गोष्ट आजच सांगून ठेवा, आईला तर नक्की. फुगा एकदम दगडासारखा कडक झाला, आडवं होऊनही आत जाईना, दुखायला लागलं, उलटी झाली किंवा पोट फुगून वायू सरेनासा झाला, तर गाडी काढायची. चोळायचं नाही, दाबून आत ढकलायचं नाही, शेक द्यायचा नाही, पाणीसुद्धा पाजायचं नाही. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांत थांबू शकतो. मग साध्या हर्नियाचं ऑपरेशन आतडं कापून जोडण्याचं होतं. (तुमच्या घरात किंवा शेजारी कुणा बाईला जांघेत, मांडीच्या वळणाला छोटी गाठ असेल, तर तिने थांबूच नये. तिथल्या हर्नियाचं तोंड अरुंद असतं आणि तो फार लवकर अडकतो. बायकांमध्ये ती गाठ नुसती 'अवधाण' समजून सोडून दिली जाते.)

आता पद्धती.

चीर घेऊन भिंत शिवण्याची शिस्तशीर रीत इटलीत पादुआ इथे एदुआर्दो बासिनी यांनी १८८४ मध्ये सुरू केली. त्यानंतर जवळपास शंभर वर्षं सगळं जग याच विचाराने चाललं: भोकाच्या दोन्ही कडा ओढून एकत्र आणायच्या आणि टाके घालायचे. अडचण त्या ओढण्यातच होती. कडा ताणाखाली असतात, म्हणून दुखतं जास्त आणि टाके हळूहळू मांस कापत सुटतात. हर्निया परत आलेल्यांची संख्या लहान नव्हती. कॅनडात टोरांटोजवळच्या शोल्डाइस हॉस्पिटलने १९४५ पासून चार थरांत शिवण्याची पद्धत इतकी घोटून काढली, की त्यांच्याकडे परत येण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास राहिलं. पण तिथे दिवसभर हेच एक ऑपरेशन होतं. तीच पद्धत इतरांनी अधूनमधून केली तेव्हा तसे आकडे आले नाहीत.

मामा ज्या बिनजाळीच्या ऑपरेशनबद्दल बोलतात ते बहुधा पुण्याचं असावं. डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत आहे. पोटाच्या बाहेरच्या स्नायूच्या चिवट पांढऱ्या पडद्याची एक पट्टी, दोन्ही टोकं जागेवरच ठेवून, खाली कमकुवत भागावर आणून शिवतात. पट्टी रुग्णाचीच, तिचा रक्तपुरवठा शाबूत आणि स्नायू आखडला की तीही ताणली जाते. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर या पद्धतीची जाळीशी तुलना झाली. २०१२ साली आलेल्या त्या अभ्यासात तीन वर्षांनंतर दोन्हींत हर्निया परत येण्याचं प्रमाण सारखंच होतं, सुमारे दोन टक्के. तेव्हा मामांचं म्हणणं निराधार नाही, आणि महाराष्ट्रातून निघालेली ही कल्पना जगभर तपासली गेली याचा मला अभिमान आहे. पण या पद्धतीला तो पडदा जाड आणि धडधाकट लागतो. चौसष्टाव्या वर्षी, मोठ्या आणि जुन्या हर्नियात, वर पट्टा आवळलेल्या जागी तो अनेकदा विरलेला सापडतो. ते चीर घेतल्यावरच कळतं. विशी-तिशीतल्या तरुणासाठी तुम्ही विचारलं असतं तर मी या पद्धतीचा आग्रहाने विचार करायला सांगितलं असतं. बाबांसाठी ती पहिली निवड नाही.

जाळी सडते का? नाही. हर्नियाची नेहमीची जाळी पॉलीप्रॉपिलीनची असते. याच पदार्थाचा निळा धागा सर्जन हृदयाच्या रक्तवाहिन्या शिवायला वापरतात आणि तो जन्मभर आत राहतो. जाळीच्या छिद्रांमधून आपल्याच शरीराचे धागे वाढतात आणि काही आठवड्यांत ती भिंतीचा भाग होऊन जाते. इथे कडा ओढायच्या नसतात, नुसतं भोकावर अंथरायचं असतं. म्हणून ताण नाही. लॉस एंजेलिसचे सर्जन अर्व्हिंग लिक्टनस्टाइन यांनी १९८४ पासून हे प्रत्येक रुग्णात करायला सुरुवात केली. आज चिरेच्या ऑपरेशनात सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत तीच आहे. तालुक्याचे सर्जनही तेच सांगत आहेत.

व्हिडिओत दाखवतात ते सगळं खोटं असतं असं मात्र मी म्हणणार नाही. जाळीत जंतुसंसर्ग होऊ शकतो. क्वचित होतो, पण झाला तर कधी जाळी काढावी लागते. काही जणांना नंतर कित्येक महिने जांघेत टोचल्यासारखं दुखतं. शंभरात दहा-बारा जणांना तीन महिन्यांनंतरही थोडंफार दुखणं राहतं, त्यांतल्या मोजक्यांना ते कामाच्या आड येण्याइतकं असतं. असं दुखणं बिनजाळीच्या ऑपरेशनातही राहतं, कारण त्याचं मूळ बरेचदा जांघेतल्या तीन बारीक नसांमध्ये असतं. म्हणून सर्जनना जरूर विचारा, 'नसा ओळखून जपता का?' चांगल्या सर्जनला हा प्रश्न आवडतो. परदेशातल्या खटल्यांच्या ज्या बातम्या फिरतात, त्यांतल्या पुष्कळशा बायकांच्या योनिमार्गातून बसवलेल्या जाळ्यांच्या आहेत. तो विषय वेगळा आणि गंभीर आहे, पण जांघेच्या जाळीशी त्याची गल्लत करू नका.

महागडी जाळीच चांगली, असंही समजू नका. धुळे जिल्ह्यात दोंडाईचाला डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड नीट तपासून, निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरलं, कारण त्या वेळी बाजारातली जाळी गरीब रुग्णाच्या आवाक्याबाहेर होती. वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्जननी मिळून केलेल्या या कामाचा अहवाल त्यांनी २००३ मध्ये छापला. पुढे युगांडात अशाच स्वस्त जाळीची आणि कंपनीच्या जाळीची रीतसर तुलना झाली. २०१६ साली तिचा निष्कर्ष आला की हर्निया परत येणं, गुंतागुंत, दुखणं या कशातच सांगण्यासारखा फरक नाही. आता साधी पॉलीप्रॉपिलीनची जाळी आपल्याकडेही परवडण्याजोगी मिळते, त्यामुळे तुम्हाला मच्छरदाणी शोधायची गरज नाही. मी हे सांगतो आहे ते एवढ्यासाठी की बिलात जाळीचं नाव भारी दिसलं म्हणून ऑपरेशन भारी होत नाही. खेड्यातल्या माणसाचा खिसा पाहून एखादा सर्जन इतका विचार करतो, ही गोष्ट वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवायला हवी असं मला फार वाटतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात जाळीच असते. फरक ती कुठून बसवतात याचा आहे. चिरेच्या ऑपरेशनात जाळी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला येते, दुर्बिणीच्या ऑपरेशनात आतल्या. बाबांना हे शेततळ्यावरून लगेच कळेल. तळ्याला प्लॅस्टिकचा कागद आतून अंथरतात, आणि पाण्याच्याच दाबाने तो भिंतीला चिकटून राहतो. दुर्बिणीतून बसवलेल्या जाळीला पोटातला दाब तसाच भिंतीशी धरून ठेवतो. विचार म्हणून ही पद्धत सुंदर आहे, आणि अनुभवी हातात तिचे फायदे खरे आहेत: तीन बारीक छिद्रं, पहिल्या दिवसांत दुखणं कमी, नंतरची टोचणी कमी, माणूस कामाला लवकर लागतो. दोन्ही बाजूंचा हर्निया असेल तर त्याच छिद्रांतून दोन्हीकडे जाळी बसते. आधी चीर घेऊन केलेलं ऑपरेशन फसून हर्निया परत आला असेल, तर मी बहुतेक वेळा दुर्बीणच सुचवतो, कारण तिथे जुन्या टाक्यांच्या गुंत्यात हात घालावा लागत नाही.

तिची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली भुलीची. दुर्बिणीसाठी सहसा पूर्ण भूल लागते, श्वासनलिकेत नळी घालावी लागते आणि आत वायू भरावा लागतो. ज्यांची फुप्फुसं बिडीने आधीच थकली आहेत, त्यांना हे जड जाऊ शकतं. चिरेचं ऑपरेशन कमरेत भूल देऊन होतं. काही सर्जन तर तेवढीच जागा बधिर करून करतात. छाती किंवा हृदय कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी तेवढीच जागा बधिर करणं ही सगळ्यात सुरक्षित वाट आहे, आणि त्यात लघवीही कमी अडकते. तालुक्याच्या सर्जनना विचारून पाहा. हर्निया अंडकोषापर्यंत उतरणारा असल्यामुळे ते कमरेतली भूलच पसंत करतील, तरी विचारायला हरकत नाही.

दुसरी किंमत शिकण्याची. दुर्बिणीतून हर्निया करायला हात बसायला फार वेळ लागतो. अमेरिकेतल्या लष्करी निवृत्तांच्या रुग्णालयांमध्ये २००० च्या आसपास झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, पहिल्यांदाच ऑपरेशन होणाऱ्या रुग्णांत दोन वर्षांनी दुर्बिणीकडे दहा टक्के हर्निया परत आले होते, चिरेकडे चार टक्के. पण ज्या सर्जननी अडीचशेहून जास्त दुर्बिणीची ऑपरेशनं केली होती, त्यांच्या हातून परत आलेले पाच टक्क्यांच्या खालीच राहिले. आज प्रशिक्षण सुधारलं आहे, तरी मुद्दा तोच आहे. म्हणून पुण्याच्या डॉक्टरांना सरळ विचारा, 'तुम्ही स्वतः दुर्बिणीतून जांघेचे हर्निया किती केलेत? अंडकोषापर्यंत उतरलेले किती?' मोठा उतरलेला हर्निया दुर्बिणीतून करणं साध्या हर्नियापेक्षा अवघड असतं. उत्तर शेकड्यात आलं तर निर्धास्त व्हा. उत्तर टाळलं गेलं, किंवा 'आमची टीम करते' एवढंच कळलं, तर मी तिथे करणार नाही. तालुक्याच्या सर्जननाही हाच प्रश्न विचारा. चिरेचं जाळीचं ऑपरेशन त्यांच्या रोजच्या सवयीचं असण्याची शक्यता खूप आहे.

डावीकडचा लहान हर्निया हे दुर्बिणीकडे ओढणारं एकमेव मोठं कारण तुमच्या पत्रात आहे, म्हणून ते तपासून घ्या. सोनोग्राफीत खोकायला लावलं की जरासं काही सरकलेलं पुष्कळांना दिसतं. बाबांना डावीकडे फुगा जाणवतो का? उभं करून, खोकायला लावून सर्जनच्या बोटाला लागतो का? दोन्ही उत्तरं नाही असतील तर तो फक्त कागदावरचा हर्निया आहे आणि त्यासाठी पद्धत बदलू नका. तो दहा वर्षांनी वाढला तर तेव्हा बघू. हाताला लागत असेल आणि छातीही चांगली असेल, तर पुण्याच्या सल्ल्याचं पारडं जड होतं.

खर्चाबद्दल थोडं. दुर्बिणीच्या अंदाजपत्रकात जाळी आणि ती ठोकायचा टॅकर धरला आहे की वेगळा लागेल, ते आधी लिहून घ्या. पोटाच्या पोकळीत न शिरता, भिंतीच्या थरांमधून केलेल्या ऑपरेशनात बहुतेक वेळा जाळी ठोकावी लागत नाही. फार मोठं भोक असेल तर गोष्ट वेगळी. कुणी रोबोटची गोष्ट काढली तर जांघेच्या साध्या हर्नियासाठी त्याचे जास्त पैसे मोजायचं कारण मला दिसत नाही. दुर्बिणीशी तुलना केली तेव्हा रुग्णाला वेगळा फायदा झाला नाही, खर्च वाढला. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जिल्हा रुग्णालयात, तसंच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे एकदा चौकशी करा. बाबांच्या ऑपरेशनाला त्या हॉस्पिटलात योजना लागू आहे का, ते तो कागद बघून सांगेल. सरकारी रुग्णालयात हे ऑपरेशन रोजचं आहे. तिथे करून घेण्यात काहीही कमीपणा नाही.

आता ज्याने मी सुरुवात केली तो खोकला. तो तसाच ठेवून ऑपरेशन केलं, तर प्रत्येक ढासेला नव्या दुरुस्तीवर दणका बसणार. फिजिशियनला दाखवा, छातीचा एक्स-रे आणि फुंकायची चाचणी करून घ्या. इनहेलर लागला तर तो सुरू करून खोकला आटोक्यात आणा, मग तारीख घ्या. लघवीसाठी प्रोस्टेटची तपासणी करा. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर कमरेतल्या भुलीनंतर लघवी अडकते आणि नळी घालावी लागते, आणि जोर करून लघवी करण्याची सवय हर्नियालाही वाईटच. गोळ्या आधी सुरू केल्या तर हे बरंच टळतं. शुगरच्या गोळ्यांची पाकिटं भूलतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन अशी नावं असतील तर त्या ऑपरेशनच्या साधारण तीन-चार दिवस आधी बंद कराव्या लागतात, आणि घरच्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही दाखवा, स्वतःहून बंद करू नका. बिडी सुटली आहे, पण तंबाखू किंवा मशेरी चालू असेल तर ऑपरेशनच्या महिनाभर आधी बंद झालेली बरी. तंबाखूने जखम उशिरा भरते. आदल्या दिवशी घरी ब्लेडने केस काढू नका. त्या बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात. हॉस्पिटलात मशीनने काढतील.

तारखेचं बोलायचं तर ज्वारी निघाल्यावर ऑपरेशन, हा बाबांचा हिशेब मला उलटा वाटतो. तुमच्याकडे ज्वारी हाताने उपटतात. वर्षभरात पोटावर सगळ्यात जास्त जोर त्याच दिवसांत येतो, आणि आत्ताच्या हर्नियाने ते दिवस काढणं धोक्याचं आहे. पेरणी उरकली की काढणीपर्यंत मधले महिने तसे हलके असतात. त्यात तपासण्या आणि ऑपरेशन दोन्ही बसतात.

ऑपरेशन झालं की बाबा त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी चालू लागतील, आणि चालायलाच हवं. आठवड्याभरात घरातली, अंगणातली कामं, दुचाकी आणखी काही दिवसांनी. पोतं उचलणं, कुदळ आणि उपटणी यांना मी चार ते सहा आठवडे थांबवतो. जाळी लगेच सुटते असं नाही, पण दुखत असताना जोर केला की माणूस वाकडा होऊन काम करतो आणि दुखणं लांबतं. अंडकोष निळा-काळा पडणं, सुजणं, फुगा होता तिथे घट्ट गोळा लागणं हे पहिले काही आठवडे होतं. मोठा हर्निया काढल्यावर तर होतंच. बाबांना आणि आईला हे आधी सांगा, नाहीतर 'ऑपरेशन फसलं' म्हणून घाबरगुंडी उडते. लंगोट किंवा घट्ट चड्डी वापरली की बरं वाटतं. खाण्यात वांगं, आंबट, तुरीची डाळ यांनी जखमेत पू होतो, हे गावोगाव सांगतात. त्याला आधार नाही. उलट डाळ, अंडी, मटकी, दूध भरपूर द्या, पालेभाज्या आणि पाणी द्या, म्हणजे कुंथावं लागणार नाही. शौचाला घट्ट होत असेल तर सैल करायचं औषध मागून घ्या.

कापाकापीच्या भीतीबद्दल मला वाटतं, तुम्ही पद्धतींची चर्चा बाबांसमोर कमी करा. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात, मामा तिसरी सांगतात, आणि घाबरलेल्या माणसाला त्यातून एकच कळतं की कुणालाच नक्की माहीत नाही. गावात जाळीचं ऑपरेशन करून पुन्हा शेतात उभा राहिलेला एखादा त्यांच्या वयाचा माणूस नक्की असेल. त्याला घरी चहाला बोलवा आणि तुम्ही बाहेर जाऊन बसा. जे दुखणं मुलासमोर बोलायला अवघड जातं, ते बरोबरीच्या माणसाशी मोकळेपणाने बोललं जातं. नवरा-बायकोच्या संबंधांवर याचा परिणाम होतो का, हा प्रश्न बाबा तुम्हाला कधीच विचारणार नाहीत, पण तो मनात असतो. त्यांना सर्जनशी पाच मिनिटं एकट्याने बोलू द्या. बहुतेकांच्या बाबतीत परिणाम होत नाही, आणि जांघेतलं ओझं गेल्याने उलट सोपं होतं.

ताप आला, जखम लाल होऊन गरम लागली, तिच्यातून पाणी किंवा पू आला, लघवी अडली किंवा वृषण एकाएकी फार दुखायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सर्जनकडे न्या. सगळं सुरळीत असेल तर महिन्याने एकदा दाखवा, आणि त्या वेळी डावी बाजू पुन्हा हाताने तपासायला सांगा.